खळ्यातलं वाचन

सर गेले तेव्हा मी गेले नाही. कॉलेजात परीक्षा सुरू आहेत, रजा मिळत नाही, असं मी सरांच्या पत्नीला, काकींना, फोनवर सांगितलं. परीक्षा होत्या हे खरं. पण मागितली असती तर दोन दिवसांची रजा मिळाली असती आणि मी ती मागितलीच नाही, हेही खरं. काकी म्हणाल्या, "असू दे गो बाय, तुझां काम आसा." त्यांना काहीच माहीत नव्हतं. सरांनी घरातसुद्धा सांगितलं नव्हतं.

सरांवर लिहायचं म्हणजे गमती सांगायच्या, आणि गमती पोतंभर आहेत. त्या सांगून संपल्या की मला माझ्यावर यावं लागणार. तरी आधी गमतीच सांगते, तेवढीच सवड.

ज्यांना ऐकू येत नाही, ज्यांची जीभ अडते, ज्यांचं बोलणं उशिरा फुटतं, अशा माणसांवर उपचार करण्याचं शास्त्र सर शिकले होते. मुंबईत वर्षानुवर्षं ते शिकवत होते. मग एक दिवस नोकरी सोडून धामापूरच्या अलीकडे आपल्या गावी परत आले आणि वाचा, भाषा आणि श्रवण या विषयांतल्या संशोधनाचं एक षण्मासिक काढायला लागले. तेही मराठीत. असलं संशोधन इंग्रजीतच छापायचं असतं, अशी आम्हा सगळ्यांची समजूत. त्यामुळे सुरुवातीला त्यांना वेड लागलंय असंच लोक म्हणाले. पुढे अंक चांगले निघायला लागले, विद्यापीठाच्या मान्य यादीत गेले, तेव्हा तेच लोक लेख पाठवायला लागले.

वेड मात्र होतंच. ते विद्यार्थी असतानाचीच गोष्ट. बहिऱ्या माणसाला समोरच्याचे ओठ दिसायला हवेत, मग आपण वर मिशी कशाला पोसायची, असा विचार करून त्यांनी मालवणच्या स्टँडजवळ ती सफाचट उतरवली आणि चतुर्थीच्या सुट्टीला घरी निघाले. आमच्याकडे तरण्या मुलाने मिशी काढली की त्याचा बाप गेला एवढाच अर्थ. एसटीतून उतरल्या उतरल्या शेजारच्या वाडीतल्या एका म्हाताऱ्याने त्यांना मिठी मारून रडायला सुरुवात केली. संध्याकाळपर्यंत खळ्यात पंधरावीस माणसं येऊन मान खाली घालून बसली. शेवटी आत चहा पीत बसलेले वडील स्वतः बाहेर आले आणि विचारायला लागले, "कोण गेलो रे?" सर ही गोष्ट सांगताना हसत नसत. मिशी त्यांनी परत कधी ठेवली नाही.

दुसरी खोड, माणसाला पाठीमागून हाक मारायची. मोठ्याने नाही, हळूच, वारा सुटल्यासारखी. बाजारात, देवळात, लग्नाच्या पंगतीत. वळून पाहिलंत तर "काय बरां मा?" म्हणून पुढे जात. नाही वळलात तर खिशातून वही काढून टिपून ठेवत आणि आठवडाभरात तुमच्या घरी हजर होत. यांत्रिक होडीवर इंजिनाशेजारी बसून ज्यांचे कान गेले होते, असे निम्मे खलाशी त्यांनी असे हुडकले. लोकांना ते आवडत असे असं नाही. त्यांना येताना बघून पाठ भिंतीला लावून उभे राहणारे लोकही मी पाहिलेत.

अंकाचं काम तर बघण्यासारखं. आमच्या क्षेत्रात लेख आला की तो दोन जाणकारांना तपासायला पाठवतात आणि लेखक कोण ते त्यांना कळू देत नाहीत. सर नाव खोडत नसत, कात्रीने कापून काढत. नुसतं वरचं नाव नव्हे. आत कुठे 'आमच्या याआधीच्या लेखात' असं आलं तर तेही कापत. जाणकाराच्या हातात खिडक्या पाडलेले कागद पडत. ज्या छापखान्यात अंक छापला जाई तिथे मुख्य काम लग्नपत्रिकांचं. एकदा तोतरेपणावरच्या लेखाच्या डोक्यावर 'श्री गजानन प्रसन्न' छापून आलं. सरांनी ते तसंच राहू दिलं. म्हणाले, "तोतऱ्या माणसाला ह्याचा उपयोग तुमच्या निष्कर्षापेक्षा जास्त आहे."

लेखकांची नावं लेखावर नसत, शेवटच्या पानावर एकत्र असत. आधी लेख वाचा, माणूस मागाहून. आणि 'केस' हा शब्द दिसला की लेख परत. 'सदर अभ्यासात असे निदर्शनास आले' या वाक्यापुढे त्यांच्या बारीक अक्षरात पेन्सिलीने ठरलेला प्रश्न असे: कुणाच्या?

पण त्यांचा खरा हट्ट वेगळाच होता. लेख दोन जाणकारांनी तपासून झाला, दुरुस्त झाला, की तो ज्या माणसांबद्दल असेल त्यांना त्यांच्या घरी जाऊन, त्यांच्या भाषेत वाचून दाखवायचा. खळ्यात बसून. घरापुढचं सारवलेलं अंगण म्हणजे आमचं खळं. तिथे बसलं की घरातली माणसं, शेजारपाजार, सगळं आपोआप जमतं. वाचून झालं की एक कागद भरायचा: तारीख, गाव, कोण कोण हजर होतं, काय म्हणाले. हरकत असली तर ती लेखाखाली छापायची किंवा लेख बदलायचा. कागद आला नाही तर लेख नाही. मोठमोठ्या प्राध्यापकांनी यावरून त्यांच्याशी भांडणं केली. माहिती देणाऱ्याची संमती आधीच घेतलेली असते, हा काय पोरखेळ, असं म्हणाले. सर म्हणत, "संमती त्यांनी तुम्हाला कान तपासायची दिली. त्यांच्याबद्दल काय वाट्टेल ते लिहायची नाही दिली."

एका प्राध्यापकांनी आंबोलीच्या बाजूला राहणाऱ्या एका एसटी कंडक्टरवर लेख लिहिला होता. कंडक्टर तोतरा, आणि समाजाच्या भीतीने त्याचं तोतरेपण वाढतं, असा सिद्धान्त. वाचन झालं. कंडक्टर शांतपणे ऐकून म्हणाला, "जीब अडाकता तां बरोबर. पण मी लोकांका घाबारतंय असां तुमका कोणी सांगल्यान? रोज भरल्या गाडयेत आरडतंय मी. माझी जीब फकत घरात अडाकता." दोन पानांचा सिद्धान्त गेला, आणि जो लेख उरला तो आजही माझ्या विद्यार्थ्यांना मी वाचायला देते. वाचायला देते आणि हे वाचन काय प्रकार असतो ते तोंड वर करून समजावूनही सांगते. माझा आवाज तेव्हा जरासुद्धा कापत नाही.

आता माझ्यावर येते.

मी तेव्हा मुंबईत शिक्षण संपवून कुडाळला एका छोट्या दवाखान्यात वाचा-उपचाराचं काम करत होते. शहरातल्या एका कॉलेजात शिकवण्याची जागा निघाली होती आणि मुलाखतीच्या आधी मान्य यादीतल्या अंकात एक तरी लेख छापून आलेला असणं जरुरीचं होतं. मी आचऱ्याच्या एका मुलीवर लेख लिहिला. मुलगी तीन वर्षांची, जन्मापासून जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. वडील बोटीवर, बरेच महिने बाहेर. घरात आई आणि ती. सरकारी योजनेतून मुलीला कानामागे लावायचं यंत्र मिळालं होतं आणि मी पावसाळ्यात तीनदा त्यांच्या घरी जाऊन आले होते. तीनही वेळा यंत्र मुलीच्या कानाला नव्हतं. आई आत जाऊन चुलीजवळच्या कुठल्यातरी डब्यातून ते काढून आणायची आणि पदराला पुसून माझ्या हातात द्यायची. मी वहीत लिहिलं: वापर नाही. लेखात त्याचं झालं: 'मातेची उदासीनता हे प्रगती खुंटण्याचे प्रमुख कारण दिसते.'

सरांनी 'उदासीनता' शब्दाखाली पेन्सिलीने रेघ ओढली होती. "हे आईला विचारलंत?"

"विचारते ना सर. वाचनाला जाणारच आहे."

"नीट विचारा. तुमचा सगळा लेख ह्या एका शब्दावर उभा आहे."

मी गेले. मे महिन्यातली दुपार होती. आचऱ्याच्या बाजारात उतरले. त्यांची वाडी खाडीपलीकडे, चालत पाऊण तासाचा रस्ता. परतीची गाडी चुकली तर पुढची कधी ते कुणालाच सांगता येईना. आणि खरं कारण हे नव्हतंच. मला ते वाक्य त्या बाईच्या तोंडावर वाचायचं नव्हतं. तुम्ही उदासीन आहात, असं कुणाच्या दारात बसून, त्यांचा चहा पिऊन कसं सांगायचं? कागदावर लिहिताना मला काहीच वाटलं नव्हतं. मी बाजारातल्या हॉटेलात बसले, सोडा मागवला आणि तिथेच कागद भरला. हजर: मुलीची आई, शेजारच्या दोन बायका. काय म्हणाले: हरकत नाही. शेजारच्या बायकांची नावंसुद्धा मी मनाने घातली. मग तीनची गाडी पकडून परत.

सरांनी कागद हातात घेऊन बराच वेळ पाहिला. "आई काय म्हणाली?"

"काही नाही. बरं वाटलं म्हणाली."

"बरं वाटलं असं आजवर कोणी म्हटलेलं नाही," सर म्हणाले. मी त्यांच्याकडे सरळ बघितलं. खोटं बोलताना नजर वळवायची नाही, एवढं मला शिकल्यामुळे कळत होतं. त्यांनी कागद फायलीला लावला आणि म्हणाले, "चला, एक तरी खूश झाली."

लेख छापून आला. त्या बिचाऱ्या अंकाचे वाचक ते किती, पण जे होते ते नेमके कामाचे. त्या मुलीचं नाव एका मोठ्या शस्त्रक्रियेसाठी पुढे गेलं होतं, कानाच्या आत यंत्र बसवण्याची. ती मोफत होते, पण वयाची अट असते, आणि घरचे लोक नेमाने यंत्र वापरतील याची निवड समितीला खात्री लागते. नाहीतर एवढी शस्त्रक्रिया वाया. समितीतल्या एका डॉक्टरांनी तो लेख वाचला होता. मी मुलीचं नाव लिहिलं नव्हतं, पण गावाचा अंदाज, वडिलांचा धंदा, वय, सगळं दिलं होतं. एवढ्याशा जिल्ह्यात आणखी काय लागतं? आईला बोलावून त्यांनी विचारलं की तुम्ही मशीन लावत नाही ना, इथे तर छापून आलंय. आणि मुलीचं नाव यादीतून खाली गेलं.

ती बाई त्या दोन पानांची झेरॉक्स घेऊन आचऱ्याहून थेट सरांच्या घरी आली. पानाच्या तळाला संपादक म्हणून त्यांचंच नाव होतं. हे पुढचं मला सरांनी स्वतः सांगितलं. ती खळ्यातच उभी राहिली आणि म्हणाली, "माझ्याबद्दल ह्येच्यात काय लिवलेलां आसा तां माका वाचून दाखवा. वाचूक येता माका, सातवी शिकलंय. पण ह्यां मराठी माका समाजणा नाय."

सरांनी वाचून दाखवलं. शेवटपर्यंत. मग तिने पिशवीतून एक स्टीलचा डबा काढला, झाकण उघडलं आणि त्यांच्यापुढे धरला. डब्यात तांदूळ, आणि तांदळात ते यंत्र. "मशीन देताना तुमच्या लोकांनीच सांगितल्यानी ना, पावसाळ्यात ती तांदळात ठेव म्हणान? दमट झाली की बंद पडता. सकाळी लावतंय, दुपारी माझां चेडू न्हावन निजलां की काडून तांदळात ठेवतंय, उठलां की परत लावतंय. तुमच्या त्या मॅडम दरवेळी दुपारचेच येत."

मुंबईत आम्ही यंत्र कोरडं ठेवायला ओल शोषणाऱ्या दाण्यांच्या पुड्या घातलेला डबा वापरतो. तो डबा आहे की नाही हे मी यादीत बघितलं होतं, नाही म्हणून फुली मारली होती. तांदळाचा डबा मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता आणि तो मला निष्काळजीपणा वाटला होता. खळ्यात बसून ते एक वाक्य वाचलं असतं तर तिने तिथल्या तिथे माझ्या हातात तो डबा दिला असता.

सरांचं पोस्टकार्ड आलं. त्यावर एकच शब्द होता: 'या.' मी गेले. मला वाटलं ओरडतील. त्यांनी सगळं सांगितलं, मग विचारलं, "कुठपर्यंत गेला होतात?"

"बाजारापर्यंत."

"म्हणजे गेला होतात," ते म्हणाले. "मला वाटलं निघालाच नाहीत."

मी रडायला लागले. आणि रडता रडता काय म्हणाले? तर "सर, सोमवारी माझी मुलाखत आहे." आजही हे आठवलं की मी जिथे असेन तिथे डोळे मिटून घेते. एका मुलीचं ऐकणं लांबलं होतं आणि मी माझ्या मुलाखतीचं बोलत होते.

 "जा," सर म्हणाले. "मुलाखत द्या."

मला ती नोकरी मिळाली. पुढच्या अंकात पहिल्याच पानावर चौकट होती. अमुक लेख मागे घेण्यात येत आहे, तो संबंधित कुटुंबाला वाचून दाखवण्यात आला नव्हता, त्यातला निष्कर्ष चूक आहे, आणि सर्व जबाबदारी संपादकाची आहे. माझं नाव कुठेच नव्हतं. ती चौकट घेऊन ते जिल्ह्याच्या ठिकाणी, ओरोसला, समितीच्या त्या डॉक्टरांकडे, पुन्हा पुन्हा खेपा घालत राहिले. मुलीची शस्त्रक्रिया झाली, वयाची अट संपता संपता, वर्षभर उशिरा. आमचं शास्त्र शिकलेल्या कुणालाही विचारा, त्या वयातलं एक वर्ष म्हणजे काय असतं.

त्यानंतर सरांनी अंक बंद केला. छापण्याऐवजी ते दुसरंच करायला लागले. जुने अंक पिशवीत घालून, एकेका लेखाखालचा कागद घेऊन, त्या त्या घरी जायचे आणि विचारायचे: हे तुम्हाला खरंच वाचून दाखवलं होतं का? मिळेल त्या एसटीने, भर पावसात. आंबोलीला त्या कंडक्टरला शोधत गेले तेव्हा तीन दिवस घाटात अडकून पडले. लोक म्हणाले, म्हातारपणी आणखी बिघडलं. कॉलेजात कुणीतरी ही गंमत म्हणून सांगितली, सगळे हसले, आणि मी हसले. त्यांना त्या पावसात मी पाठवलं होतं आणि मी हसले.

सर गेल्यावर वर्ष झालं तेव्हा कुठे मी सुट्टीत आचऱ्याला गेले. बाजारापासून खाडीपलीकडे चालत. त्या रस्त्याला पाऊण तास लागत नाही, अर्धाच तास लागतो, आणि हे मला तेव्हाही माहीत होतं.

आईने मला ओळखलं. मुलगी पाचवीत आहे, शाळेत गेली होती. "बोलता बगा आता. थोडां बोबडां, पण बोलता," ती म्हणाली. मला खळ्यात बसवून तिने पाण्याचा तांब्या आणि गुळाचा खडा आणून ठेवला. उन्हातून आले होते, मी घटाघटा प्यायले. मग पिशवीतून तो जुना अंक काढला आणि म्हटलं, "तुम्हाला हे वाचून दाखवायचं राहिलं होतं."

तिने अंकाकडे बघितलं आणि तिचा चेहरा आवळला. "ह्यां नको. ह्यां सरांनी लिवलेलां. माका तेंनी वाचून दाखवल्यानी."

"सरांनी लिहिलेलं?"

"मी इचारलंय तेंका, ह्यां कोणी लिवल्यान म्हणान. माझां, म्हणाले."

मला हे माहीत नव्हतं. त्या दिवशी सरांनी मला सगळं सांगितलं होतं, फक्त एवढं सोडून. क्षणभर मला मोह झाला, हे कबूल करते. अंक परत पिशवीत घालायचा, मुलीची चौकशी करायची आणि उठायचं. कुणाला काही कळलं नसतं.

"ते सरांनी नाही लिहिलं," मी म्हणाले. "मी लिहिलं. वाचून दाखवलं असा खोटा कागदही मीच भरला. सरांनी ते स्वतःवर घेतलं."

ती रागावेल, हाकलून देईल, अशी माझी तयारी होती. खरं सांगायचं तर मला तेच हवं होतं. शिव्या खाऊन मोकळं व्हायला मी एवढ्या लांबून आले होते. पण ती माझ्याकडे बघतच नव्हती. खळ्याच्या कडेला जिथे पायरी उतरते तिथे बघत होती.

"चार वर्सां येत होते ते," ती म्हणाली. "दर म्हयन्याक. चेडवाची मशीन बगूक. थयसर, पायरेर उभे रवत. मी तेंका एक दिवस बसा म्हटलंय नाय. एवढ्या उनातान चलत येत, घामान भिजलेले, आणि मी एक दिवस तेंका पाणी इचारूक नाय गो. माझ्या चेडवाचां वरीस खाल्ल्यानी म्हणान."

मग तिने माझ्याकडे बघितलं.

"आता तां पाणी मी कोणाक देवचां?" तिने विचारलं.

तिने माझ्यासाठी आणलेला तांब्या माझ्यापुढेच होता. तो मी केव्हाच रिकामा केला होता.